विश्लेषण : पवनचक्क्या बेकायदा ठरल्या, तरी फिरत राहिल्या, नॉर्वेतला रेनडिअरच्या कुरणांचा वाद काय आहे?

२३ फेब्रुवारी २०२३ ची गोष्ट. नॉर्वेची राजधानी ओस्लोमध्ये पेट्रोलियम आणि ऊर्जा मंत्रालयाच्या इमारतीत काही तरुण-तरुणी शिरले आणि स्वागतकक्षाच्या जमिनीवर बसून राहिले. अनेकांच्या अंगावर 'गाक्ती' हा सामी समाजाचा पारंपरिक पोशाख होता. त्यांची मागणी नवी नव्हती. देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या एका निकालाला त्या दिवशी बरोबर ५०० दिवस पूर्ण झाले होते आणि त्या निकालाची अंमलबजावणी करा, एवढंच ते म्हणत होते.

चौथ्या रात्री पोलिसांनी त्यांना उचलून बाहेर काढलं. मग ग्रेटा थनबर्ग तिथे पोहोचली आणि बातमी जगभर गेली. कारण दृश्यच तसं होतं. हवामान बदलाविरोधात शाळा बुडवून उभी राहिलेली मुलगी चक्क पवनचक्क्यांच्या विरोधातल्या आंदोलनात बसली होती. सोशल मीडियावर तिची भरपूर खिल्लीही उडवली गेली. कोळसा नको, तेल नको, आता वाराही नको का, असा एकूण सूर होता.

प्रश्न वरवर पाहता रास्त वाटतो. पण त्याचं उत्तर शोधायला ओस्लोच्या मंत्रालयातून निघून एका बर्फाळ डोंगरमाथ्यावर जावं लागतं.

फोसेनमध्ये नेमकं काय बांधलं गेलं?

मध्य नॉर्वेत ट्रॉनहाइम शहराजवळ समुद्रात घुसलेला फोसेन नावाचा द्वीपकल्प आहे. तिथे वारा भरपूर. २०१० मध्ये नॉर्वेच्या ऊर्जा नियामकाने इथल्या पवनऊर्जा प्रकल्पांना परवाने दिले, २०१३ मध्ये मंत्रालयाने ते कायम केले. त्यातल्या दोन प्रकल्पांवरून हा सगळा वाद आहे. रोआन इथे ७१ आणि स्टोरहेया इथे ८० अशा एकूण १५१ पवनचक्क्या. रोआन २०१९ मध्ये सुरू झाला, स्टोरहेया २०२० मध्ये. स्टोरहेयाच्या कंपनीत सर्वांत मोठा वाटा नॉर्वे सरकारच्याच मालकीच्या 'स्टॅटक्राफ्ट'चा आहे, तर रोआनमध्ये जर्मनीतल्या म्युनिक शहराच्या वीज कंपनीचाही हिस्सा आहे.

या डोंगरांवर दक्षिण सामी समाजातली मोजकी कुटुंबं पिढ्यानपिढ्या रेनडिअर पाळत आली आहेत. सामी हे नॉर्वे, स्वीडन, फिनलंड आणि रशियाचा कोला द्वीपकल्प या पट्ट्यातले मूळ रहिवासी. त्यांची संख्या साधारण ८० हजार ते १ लाख सांगितली जाते. सगळेच काही रेनडिअर पाळत नाहीत. नॉर्वेत तर दहातला जेमतेम एक सामी या व्यवसायात आहे. पण जे आहेत त्यांच्यामुळे भाषा, पोशाख, नात्यागोत्याची रचना आणि कितीतरी शब्द टिकून आहेत. दक्षिण सामी भाषा बोलणारे आज फक्त काहीशे लोक उरले आहेत. शाळा आणि वसतिगृहांमधून सामी भाषा पुसून टाकण्याचं धोरण नॉर्वेने शंभरेक वर्षं राबवलं, त्यातून ही भाषा वाचली ती प्रामुख्याने कळपामागे फिरणाऱ्या घरांत.

नॉर्वेच्या बहुतांश रेनडिअर-क्षेत्रात हे प्राणी पाळण्याचा हक्क कायद्याने सामींनाच आहे. शेजारच्या फिनलंडमध्ये मात्र तसं नाही, तिथे बिगर-सामी शेतकरीही रेनडिअर ठेवतात. प्रत्येक मालकाची खूण जनावराच्या कानावर कापलेली असते. आणि हो, 'तुमच्याकडे रेनडिअर किती?' असं सामी माणसाला विचारायचं नसतं. बँकेत शिल्लक किती, असं विचारण्यासारखं ते समजलं जातं.

रेनडिअर दुसरीकडे चरू शकत नाहीत का?

पवनचक्क्यांच्या बाजूने सगळ्यात जास्त विचारला गेलेला प्रश्न हाच. डोंगर एवढा मोठा, चार पाती फिरली तर काय बिघडलं? रेनडिअर खातो काय, हे समजलं की या प्रश्नातली गोम लक्षात येते.

युरोप-आशियात ज्याला रेनडिअर म्हणतात आणि उत्तर अमेरिकेत कॅरिबू, तो एकाच जातीचा प्राणी आहे. फरक असा की कॅरिबू रानटीच राहिला आणि रेनडिअर काही प्रमाणात माणसाळला. 'काही प्रमाणात' हे महत्त्वाचं. सामींचे रेनडिअर गोठ्यात बांधलेले नसतात. ते मोकळे फिरतात, ऋतूप्रमाणे जागा बदलतात आणि माणूस त्यांच्या मागे जातो. हरणांच्या कुळात मादीलाही शिंगं असणारी ही एकमेव जात. नराची शिंगं माजाचा काळ संपल्यावर, हिवाळ्याच्या तोंडाशी गळतात. गाभण मादीची मात्र वसंतात पाडस होईपर्यंत टिकतात. (सांताक्लॉजची गाडी ओढणारे शिंगवाले 'नर' म्हणूनच शंकास्पद आहेत.) मादीला या शिंगांची गरज असते, कारण बर्फ उकरून केलेला चाऱ्याचा खड्डा तिला इतरांपासून राखायचा असतो.

त्या खड्ड्याच्या तळाशी असतं दगडफूल. गोडा मसाला किंवा काळा मसाला करताना आपण जे दगडफूल वापरतो, त्याच वर्गातली, म्हणजे बुरशी आणि शैवाल यांच्या सहजीवनातून वाढणारी ही वनस्पतीसदृश गोष्ट. उत्तरेकडच्या हिवाळ्यात गवत मरतं, तेव्हा रेनडिअर या फिकट, फांद्याफांद्यांच्या दगडफुलावर जगतो. बर्फाखालचं दगडफूल त्याला वासाने सापडतं. ते वर्षाला फक्त काही मिलिमीटर वाढतं. एकदा तुडवलं गेलं किंवा खणून निघालं की पुन्हा पूर्ववत व्हायला काही दशकं लागतात. म्हणून कळप एका जागी ठेवता येत नाही आणि एका कुरणाच्या बदल्यात दुसरं कुरण सहज मिळत नाही. ते दुसरं कुरण आधीच कुणाच्या तरी वाट्याचं असतं.

आता मुद्द्याची गोष्ट. हिवाळा सरत असताना, जेव्हा खाली दरीत बर्फाचे थर साचलेले असतात, तेव्हा दगडफूल कुठे उघडं मिळतं? जिथे वारा बर्फ उडवून लावतो, तिथे. म्हणजे उघड्या, वारं खाणाऱ्या डोंगरमाथ्यांवर. पवनऊर्जा कंपन्यांनाही नेमके तेच माथे हवे असतात. फोसेनमध्ये दोघांचा एकाच जागेवर डोळा पडणं हा योगायोग नव्हता.

पवनचक्कीच्या खांबाखालची जागा तशी थोडीच असते. पण तिथवर जाणारे रस्ते, वीजवाहिन्या, फिरती पाती, आवाज, देखभालीच्या गाड्या या सगळ्यामुळे रेनडिअर, विशेषतः पाडसं असलेल्या माद्या, आजूबाजूचा मोठा भाग टाळतात. यात त्यांच्या डोळ्यांचाही संबंध असावा असं काही संशोधकांना वाटतं. रेनडिअरला अतिनील प्रकाश दिसतो. बर्फ हा प्रकाश परावर्तित करतो आणि दगडफूल तो शोषून घेतं, त्यामुळे पांढऱ्यावर पांढरं असूनही ते त्याला गडद दिसतं. याच दृष्टीमुळे उच्चदाबाच्या तारांवर होणारे, आपल्याला न दिसणारे विजेचे चमकारे त्याला अंधारात दिसत असावेत, अशी शक्यता २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका शोधनिबंधात मांडण्यात आली. आपल्यासाठी ती नुसती तार, त्याच्यासाठी कदाचित डोंगरभर लुकलुकणारी रेघ.

सर्वोच्च न्यायालय काय म्हणालं?

बांधकाम सुरू होण्याआधीपासून सामी कुटुंबं न्यायालयात होती. डिसेंबर २०१८ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या वंशभेद निर्मूलन समितीने स्टोरहेयाचं काम तूर्त थांबवा, अशी विनंती नॉर्वेला केली. नॉर्वेने ती मानली नाही. हा तोच देश, ज्याने मूळनिवासींच्या हक्कांचा आयएलओचा १६९ क्रमांकाचा करार १९९० मध्ये जगात सर्वांत आधी मंजूर केला होता.

२०२० मध्ये अपील न्यायालयाने एक मधला मार्ग काढला. कुरण गेलं हे मान्य, पण त्या बदल्यात कंपनीने सुमारे ९ कोटी क्रोनर द्यावेत, त्यातून हिवाळ्यात चारा विकत घेऊन रेनडिअरना कुंपणात खाऊ घालता येईल. हिशेब चोख होता. अडचण एवढीच, की कुंपणात वैरण खाणारा रेनडिअर आणि त्याला वैरण टाकणारा माणूस या दोघांचंही जगणं मग पूर्णपणे वेगळं झालं असतं. भाषा, वाटा, बर्फाचं ज्ञान, यातलं काहीच त्या चाऱ्याच्या पैशांत बसत नव्हतं.

११ ऑक्टोबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या ११ न्यायमूर्तींनी एकमताने निकाल दिला. चारा आणि कुंपणाचा तोडगा त्यांनी ग्राह्य धरला नाही. नागरी आणि राजकीय हक्कांच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या कलम २७ नुसार अल्पसंख्याक समाजाला आपली संस्कृती जगण्याचा हक्क आहे, रेनडिअर पालन हा त्या संस्कृतीचा भाग आहे आणि फोसेनमध्ये त्या हक्काचा भंग झाला आहे, असं न्यायालयाने म्हटलं. त्यामुळे परवाने अवैध.

हवामान बदलाचा मुद्दा न्यायालयाने टाळला नाही. हरित ऊर्जा महत्त्वाची आहे, हे त्यांनी मान्य केलं. पण ती मिळवण्यासाठी सामींचं कमी नुकसान होईल अशा इतर जागा निवडता आल्या असत्या, असा त्यांचा निष्कर्ष होता. सोशल मीडियावरच्या 'वारा की रेनडिअर' या भांडणात हीच बाजू हरवली. सामींनी पवनऊर्जेला सरसकट विरोध केलेला नव्हता. फोसेनवर याच योजनेतले इतरही प्रकल्प आहेत, न्यायालयातला हा खटला दोन प्रकल्पांपुरता होता.

पण निकालात एक जागा मोकळी राहिली. परवाने अवैध, मग पवनचक्क्यांचं काय करायचं? त्या पाडायच्या, हलवायच्या, की काही बदल करून ठेवायच्या? न्यायालयाने हे सांगितलं नाही. सरकारने या मोकळ्या जागेचा पुरेपूर फायदा घेतला. आणखी अभ्यास, आणखी माहिती, आणखी चर्चा असं म्हणत दीड वर्ष काढलं आणि या काळात पाती फिरत राहिली, वीज विकली जात राहिली.

आंदोलनाने काय बदललं?

मंत्रालयातल्या त्या बैठ्या आंदोलनानंतर मार्च २०२३ च्या सुरुवातीला ऊर्जामंत्री टेर्ये आसलँड यांनी सामी कुटुंबांची माफी मागितली. मानवी हक्कांचा भंग अजूनही सुरू आहे हे सरकारने प्रथमच स्पष्टपणे मान्य केलं. याआधी सरकारचा सूर असा होता की परवाने अवैध ठरले, पण म्हणजे आत्ता भंग होतोच आहे असं नाही. हा कायद्याचा कीस पाडणं होतं आणि त्याला उत्तर म्हणून आंदोलकांनी गाक्ती उलटी करून घातली. आतली बाजू बाहेर, हा सामींमध्ये निषेधाचा जुना प्रकार आहे.

गायिका आणि कार्यकर्ती एला मारिए हेट्टा इसाक्सेन या आंदोलनाचा चेहरा बनली. ऑक्टोबर २०२३ मध्ये निकालाला दोन वर्षं झाली तेव्हा ती आणि तिचे सहकारी थेट संसदेत जाऊन बसले आणि पुन्हा पोलिसांनी त्यांना बाहेर काढलं.

नॉर्वेतल्या वयस्क लोकांना हे सगळं ओळखीचं वाटलं असणार. १९७९ पासून उत्तरेतल्या आल्टा नदीवरच्या धरणाविरोधात सामींनी असाच लढा दिला होता, संसदेसमोर उपोषण केलं होतं. धरण झालंच. पण त्या पराभवातून १९८८ मध्ये राज्यघटनेत सामींविषयीचं कलम आलं आणि १९८९ मध्ये सामी संसद सुरू झाली. फोसेनमध्ये उलटं घडलं. खटला जिंकला, प्रकल्प मात्र जागचा हलला नाही.

शेवटी तडजोड काय झाली?

डिसेंबर २०२३ मध्ये दक्षिण फोसेनच्या कुटुंबांनी स्टोरहेयाच्या कंपनीशी करार केला. प्रकल्पाच्या २५ वर्षांच्या आयुष्यभर त्यांना दरवर्षी सुमारे ७० लाख क्रोनर, म्हणजे साडेपाच-सहा कोटी रुपये मिळतील. सरकार हिवाळ्यासाठी अतिरिक्त कुरण उपलब्ध करून देईल. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे २०४५ नंतर परवाना वाढवायचा असेल तर त्यांची संमती लागेल. मार्च २०२४ मध्ये उत्तर फोसेनच्या कुटुंबांनीही रोआनबाबत करार केला.

सरकारने याला दोन्ही बाजूंचा विजय म्हटलं. सामी समाजात मात्र प्रतिक्रिया संमिश्र होत्या. मंत्रालयाच्या जमिनीवर झोपलेल्या अनेक तरुणांना पवनचक्क्या पाडलेल्या हव्या होत्या. पण करारावर सह्या करणारी कुटुंबं वेगळी होती. त्यांना दर हिवाळ्यात कळप जगवायचा होता आणि दशकभर ती न्यायालयाच्या पायऱ्या चढत होती. दोन वर्षं निकाल हातात असूनही काही हललं नाही, तेव्हा ती वाटाघाटीला बसली, यासाठी त्यांना दोष देणं कठीण आहे. दोष शोधायचाच तर तो क्रमात आहे. आधी परवाना, मग बांधकाम, मग न्याय. १५१ पवनचक्क्या उभ्या राहिल्यावर निकाल येतो, तेव्हा त्या पाडायची राजकीय हिंमत कुणाकडेच नसते. बांधणाऱ्यांनाही हे ठाऊक असतं.

हवामान बदलाचा रेनडिअरवर काय परिणाम होतो?

इथे या वादातला सर्वांत कडवट भाग येतो. उत्तर ध्रुवीय प्रदेश जगाच्या सरासरीपेक्षा कितीतरी वेगाने तापतो आहे. रेनडिअरसाठी धोका थेट उष्णतेपेक्षा हिवाळ्यातल्या पावसाचा जास्त. बर्फावर पाऊस पडतो, मग पुन्हा थंडी येते आणि वर काचेसारखा कडक थर बसतो. खालचं दगडफूल कुलूपबंद होतं. रशियाच्या यामाल द्वीपकल्पात नोव्हेंबर २०१३ मध्ये असंच झालं आणि त्या हिवाळ्यात सुमारे ६१ हजार रेनडिअर उपासमारीने मेले. उत्तर सामी भाषेत अशा हिवाळ्याला 'गोआव्वी' असा स्वतंत्र शब्द आहे.

पूर्वी गोआव्वी आला की मेंढपाळ कळप दुसऱ्या माथ्यावर हलवत. तापमान वाढतं तशी ही पर्यायी कुरणं जास्त लागणार. आणि तापमानवाढ रोखण्यासाठी जे प्रकल्प उभे राहत आहेत ते बसतात याच पर्यायी कुरणांवर. संकटाची झळ आणि उपायाची झळ, दोन्ही एकाच घराला.

दुसऱ्यांच्या विजेची किंमत मोजण्याचा या भागाला आधीचाही अनुभव आहे. १९८६ मध्ये चेर्नोबिलचा किरणोत्सर्गी पाऊस मध्य नॉर्वेवर पडला. मुळं नसलेलं दगडफूल हवेतूनच पोषण घेतं, त्यामुळे त्याने सीझियम शोषलं आणि ते रेनडिअरच्या मांसात उतरलं. तेव्हा मांसातल्या सीझियमची मर्यादा किलोमागे ६०० वरून ६,००० बेकरेलपर्यंत वाढवावी लागली, नाहीतर सगळा व्यवसायच बसला असता.

हा प्रश्न फक्त फोसेनचा आहे का?

नाही. स्वीडनमधलं किरुना शहर ऑगस्ट २०२५ मध्ये बातम्यांत होतं, कारण खाणीमुळे जमीन खचत असल्याने तिथलं ११३ वर्षांचं लाकडी चर्च अख्खंच्या अख्खं चाकांवर घालून ५ किलोमीटर दूर नेलं गेलं. तो व्हिडिओ अनेकांनी पाहिला असेल. त्याच शहराजवळ पेर गायेर नावाचा दुर्मीळ मृद्धातूंचा मोठा साठा आहे. इलेक्ट्रिक गाड्या आणि पवनचक्क्यांच्या चुंबकांना हे धातू लागतात. युरोपीय संघाने मार्च २०२५ मध्ये त्याला धोरणात्मक प्रकल्पाचा दर्जा दिला. ही खाण झाली तर गाबना या सामी गटाच्या रेनडिअरची उन्हाळी आणि हिवाळी कुरणांमधली वाट तुटेल, असं तिथल्या पालकांचं म्हणणं आहे.

नॉर्वेच्या उत्तर टोकाला हॅमरफेस्टजवळ मेल्कोया बेटावर नैसर्गिक वायू द्रवरूप करण्याचा मोठा कारखाना आहे. तो आता वायूऐवजी विजेवर चालवायला ऑगस्ट २०२३ मध्ये सरकारने मंजुरी दिली. त्यासाठी नव्या वीजवाहिन्या आणि नवे पवनऊर्जा प्रकल्प लागतील, तेही देशातले बहुतांश पाळीव रेनडिअर जिथे आहेत त्या फिनमार्कमध्ये. कारखान्याचं उत्सर्जन कमी होईल हे खरं. पण तिथून जहाजांत भरून निघणारा वायू युरोपात जाऊन जळणारच आहे. तो हिशेब नॉर्वेच्या खात्यावर चढत नाही, इतकंच.

अटलांटिकपलीकडे कॅरिबूसमोर जुनंच संकट आहे, तेलाचं. अलास्काच्या आर्क्टिक राष्ट्रीय वन्यजीव आश्रयस्थानातल्या किनारी मैदानात पॉर्क्युपाइन नावाचा मोठा कळप उन्हाळ्यात पाडसांना जन्म देतो. ग्विचिन लोक या भूमीला पवित्र मानतात. जानेवारी २०२५ मध्ये तिथल्या तेलक्षेत्राच्या लिलावात एकही बोली आली नाही. तरीही ट्रम्प प्रशासनाने त्याच वर्षी संपूर्ण मैदान तेलासाठी पुन्हा खुलं करण्याचा निर्णय घेतला. कॅरिबूंची अवस्था आधीच बिकट आहे. कॅनडातल्या जॉर्ज रिव्हर कळपात १९९० च्या दशकात सुमारे ८ लाख जनावरं होती, २०१८ पर्यंत ती १० हजारांच्याही खाली आली.

फोसेनमध्ये मात्र सध्या शांतता आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये नॉर्वेच्या संसदेने सामी आणि इतर समाजांवर लादलेल्या 'नॉर्वेजियनीकरणा'बद्दल औपचारिक माफी मागितली. स्टोरहेयाच्या ८० पवनचक्क्या त्या दिवशीही फिरत होत्या. त्यांचा परवाना २०४५ मध्ये संपतो. नॉर्वेत आज जी मुलं बालवाडीत आहेत, ती तेव्हा मंत्रालयात जाऊन बसणाऱ्या त्या आंदोलकांच्या वयाची झालेली असतील.